तिला नकार कळवायचाय, मी काय बोलू?

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलींकडून उन्हाळ्याच्या अखेरीस हा प्रश्न हमखास येतो : “मी यंदा सोरोरिटीची रिक्रूटमेंट कौन्सेलर आहे. माझ्या गटातल्या एखादीला सगळ्यांनीच नाकारलं तर?”

इथल्या पालकांसाठी थोडक्यात सांगते. सोरोरिटी म्हणजे विद्यापीठातल्या मुलींच्या संघटना. त्यांतल्या बऱ्याच जुन्या संघटनांचे सामाईक नियम १९०२ साली स्थापन झालेली नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ठरवते. रिक्रूटमेंट म्हणजे सदस्यभरती. त्यात नव्या मुली काही दिवस फेऱ्याफेऱ्यांनी वेगवेगळ्या चॅप्टरना, म्हणजे या संघटनांच्या त्या विद्यापीठातल्या शाखांना, भेटतात, दोन्हीकडून पसंती नोंदवली जाते आणि शेवटी ‘बिड’, म्हणजे सदस्यत्वाचं आमंत्रण येतं. कौन्सेलर ही आधीच सदस्य असलेली विद्यार्थिनी. तेवढ्या काळापुरती ती स्वतःच्या चॅप्टरपासून अलिप्त राहते आणि नवख्या मुलींना सांभाळते.

सई (नाव बदललंय) माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलली, तेव्हा तिला नकार कळवण्याच्या फोनचीच धास्ती होती. मी म्हटलं, “समज, मी ती नाकारलेली मुलगी आहे. लाव फोन.”

“हाय! झोप झाली का? कालचा दिवस कसा गेला?”

मी तिथेच थांबवलं. वाईट बातमी द्यायची असेल तर ती पहिल्या दोन वाक्यांतच द्यावी. नाहीतर समोरची मुलगी आशेने हसतखेळत बोलत राहते आणि नंतर तिला त्या हसण्याचीच लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला सईने सरळ सांगितलं, “आज तुला कुठल्याच चॅप्टरचं बोलावणं नाहीये. मला फार वाईट वाटतंय.” मी विचारलं, “माझ्यात काय कमी होतं?”

“काहीच नाही गं! तू इतकी छान आहेस, त्यांचंच नुकसान.”

हे प्रेमापोटी येतं, पण ऐकणारीला पटत नाही. मी छान आहे, तर मग नकार का? खरं म्हणजे कारण कौन्सेलरला माहीतच नसतं, चॅप्टर ते सांगत नाहीत. तेव्हा तेच म्हणावं : “कारण मला माहीत नाही, आणि उगाच अंदाजही बांधणार नाही.” सोबत एक गोष्ट जरूर सांगावी. दर फेरीला किती जणींना परत बोलवायचं, हा आकडा आधीच्या वर्षांच्या अनुभवावरून चॅप्टरला ठरवून दिलेला असतो. जिथे मुलींचा ओढा जास्त, तिथे पहिल्या फेऱ्यांतच पुष्कळ नावं गाळावी लागतात, तीही काही मिनिटांच्या गप्पांवरून. सईची आई शेजारीच होती. ती म्हणाली, “म्हणजे कांदेपोहेच की!” अगदी बरोबर. तिथेही कारण न देता नकार येतो आणि मुलगी रात्रभर स्वतःतली खोट शोधत बसते.

फोन ठेवण्याआधी विचारावं : आत्ता जवळ कोण आहे? काही खाल्लंस का? घरी तू सांगणार आहेस का? पुढचे मार्ग असतात. काही चॅप्टरमध्ये जागा उरतात आणि ते चॅप्टर नंतर मुलींना थेट विचारणा करतात. १९९८ साली ह्यूस्टन विद्यापीठात सुरू झालेल्या डेल्टा फाय ओमेगासारख्या दक्षिण आशियाई सोरोरिटी आपली सदस्यभरती वेगळी करतात. पण हे सगळं त्याच फोनवर कोंबू नये. सईला प्रत्यक्षात असा फोन करावा लागला, तेव्हा ती मुलगी म्हणाली, “मला आत्ता बोलायचं नाही.” सईने फक्त संध्याकाळची वेळ विचारून घेतली आणि त्या वेळेला फोन केला. बाकीचं बोलणं तेव्हा झालं.

मला स्वतःला नकारापेक्षा दुसरा प्रसंग जास्त अवघड वाटतो : दोन चॅप्टर उरलेत आणि मुलगी म्हणते, “तूच सांग ना, कुठलं घेऊ?” कौन्सेलरचं मत असतंच, तिच्या मैत्रिणीही त्यांतल्या एखाद्या चॅप्टरमध्ये असतात. तरी सांगू नये. “कुठे तू नेहमीसारखी बोलत होतीस?” एवढं विचारून गप्प बसावं, ती वेळ घेईल.

शेवटच्या फेरीनंतर मुली लगेच करारावर पसंती लिहून सही करतात, तो मात्र ओळीओळीने समजावून द्यावा. लिहिलेल्या चॅप्टरचं बिड आलं आणि मग नाकारलं, तर त्या विद्यापीठात पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणून प्रत्येक नावापाशी विचारावं, “यांनी बोलावलं तर जाशील?” उत्तर ‘नाही’ असेल तर ते नाव लिहू नये, आणि एकच नाव लिहिलं तर बिड न मिळण्याचा धोका वाढतो, हेही सही करण्याआधी तिच्या कानावर घालावं.