कमिशन मिळते म्हणून ओव्हरटाइमचा हक्क जातो का?

प्रश्न : मी अमेरिकेत, टेक्सास राज्यातील डॅलसजवळच्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रीचे काम करते. एच-४ व्हिसावर (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) मिळालेल्या कामाच्या परवान्यावर ही नोकरी आहे. तासाला १० डॉलर पगार आणि त्यावर कमिशन मिळते. ते वर्षभर आठवड्याला २५० डॉलरच्या आसपास असते. सेलच्या दिवसांत आठवड्याला ५० तास भरतात. ओव्हरटाइम मागितला, तेव्हा ‘कमिशनवाल्यांना ओव्हरटाइम नसतो आणि रुजू होताना तुम्ही तशी सही केली आहे,’ असे मॅनेजरने सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : तुम्ही दिलेले आकडे पाहता मॅनेजरचे म्हणणे तुमच्या बाबतीत टिकेल असे वाटत नाही. आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त काम झाले की वरच्या तासांना दीडपट दर द्यावा, हा १९३८ च्या संघीय श्रम कायद्याचा मूळ नियम आहे आणि कमिशन मिळते एवढ्या एका कारणाने तो कोणालाही नाकारता येत नाही. दुकानात विक्री करणाऱ्यांसाठी कायद्यात एक सवलत आहे खरी, परंतु ती मालकाला मिळण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : व्यवसाय किरकोळ विक्रीचा किंवा सेवेचा असावा, कर्मचाऱ्याचा सरासरी तासाचा दर संघीय किमान वेतनाच्या, म्हणजे ७.२५ डॉलरच्या, दीडपटीहून अधिक असावा. आणि किमान एक महिन्याच्या प्रातिनिधिक काळातील एकूण कमाईपैकी निम्म्याहून अधिक रक्कम कमिशनची असावी.

आता तुमचा ५० तासांचा आठवडा घ्या. पगाराचे ५०० आणि कमिशनचे २५० मिळून ७५० डॉलर होतात, म्हणजे तासाला सरासरी १५ डॉलर. दुसरी अट पूर्ण झाली, कारण मर्यादा १०.८७५ डॉलरची आहे. तिसऱ्या अटीवर मात्र मालकाची बाजू कोसळते, कारण कमिशन एकूण कमाईच्या केवळ एक तृतीयांश आहे. साध्या ४० तासांच्या आठवड्यातही ते निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. ओव्हरटाइमचा हिशेब करताना अनेक जण नकळत फसतात, तेव्हा इथे नीट लक्ष द्या : हा दर केवळ १० डॉलरवर काढायचा नसून कमिशन धरून आलेल्या १५ डॉलरवर काढायचा आहे. पन्नासही तासांचे मूळ पैसे तुम्हाला मिळालेलेच असल्याने वरच्या १० तासांसाठी प्रत्येकी अर्धा दर, म्हणजे साडेसात डॉलर, असे त्या आठवड्याचे ७५ डॉलर बाकी निघतात.

‘बाहेर फिरून विक्री करणाऱ्यांना ओव्हरटाइम नाही’ असाही एक नियम आहे, पण तो प्रामुख्याने मालकाच्या जागेबाहेर, ग्राहकाकडे जाऊन व्यवहार करणाऱ्यांसाठी आहे. शोरूममध्ये उभे राहणाऱ्यांना किंवा जागेवर बसून फोनवर विक्री करणाऱ्यांना तो लागू होत नाही. सवलतीच्या अटी पूर्ण होतात हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकाचीच असते. तुमच्या सहीचे म्हणाल, तर हा हक्क करारावर सही करून सोडून देता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच स्पष्ट केले आहे; त्या सहीचे दडपण मनावर अजिबात ठेवू नका.

व्हिसाविषयीही भीती बाळगू नका. एच-४ वरचा कामाचा परवाना एका मालकाशी बांधलेला नसतो, आणि तक्रार केली म्हणून कामावरून काढणे किंवा त्रास देणे कायद्याने निषिद्ध आहे.

रोज आल्या-गेल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा, पगाराच्या पावत्या आणि कमिशनची पत्रके घरी जपून ठेवा. संघीय श्रम खात्याच्या वेतन आणि कामाचे तास विभागाकडे तक्रार विनाशुल्क करता येते व तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवले जाते. न्यायालयात थकबाकीइतकीच रक्कम भरपाई म्हणूनही मिळू शकते, मात्र मागे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे, मालकाने जाणूनबुजून कायदा मोडला असेल तर तीन. केवळ तक्रार केल्याने ही मुदत थांबत नाही, दावा दाखल होईपर्यंत जुने आठवडे एकेक करून गळत जातात. म्हणून टेक्सासमधील कामगार कायद्याच्या वकिलाला कागदपत्रे याच महिन्यात दाखवा.