व्यतिरेक म्हणजे मापावरची शीग

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय: ‘अमृताहुनी गोड नाम तुझे देवा’ या ओळीत अलंकार कोणता? लेकराच्या वहीत उत्तर आहे ‘उपमा, कारण तुलना केली आहे’.

ताई, उपमा नाही, व्यतिरेक. तुलना दिसली की उपमा, हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. उपमेत दोन गोष्टी बरोबरीला बसतात, व्यतिरेकात एक दुसरीहून सरस ठरते. नामदेवांनी नामाला अमृताच्या शेजारी नाही, वर बसवलंय. ‘अमृतासारखं गोड’ म्हटलं असतं तर उपमा झाली असती. वहीत एवढं लिहून द्या.

आता शब्दाकडे या, कारण खरी गोडी तिथं आहे. वि + अति + रिच्. रिच् म्हणजे रिकामं करणं, सोडणं. त्याचंच रिक्त, प्राकृतात रिक्क, आणि आपलं रिकामा. पोट रिकामं करतं ते रेचक, तेही याच घरातलं. मग याच धातूतून ‘अतिरेक’ हा ओसंडून वाहणारा शब्द कसा निघाला? जे सोडलं जातं ते मागं उरतं, म्हणून. माप भरून जे उरतं ते अतिरिक्त.

आमची आजी खळ्यावर पायलीनं जोंधळे मोजायची. पायली कडेपर्यंत आली तरी ओंजळ थांबायची नाही. वर टोक धरेपर्यंत, दाणे कडेवरून घरंगळायला लागेपर्यंत ती ओतत राहायची. त्या टोकाला शीग म्हणतात. ‘उत्साह शिगेला पोचला’ म्हणतो ती हीच. माझं ठाम मत आहे, व्यतिरेक शिकवायला शीग याहून नेमका शब्द मराठीत नाही. उपमा म्हणजे काठाशी सपाट केलेलं माप. अमृताचं माप काठोकाठ भरलं आणि त्यावर जी शीग चढली, ती नामाची.

‘हून’ किंवा ‘पेक्षा’ दिसलं की व्यतिरेक, असंही पाठ करून घेतात. ‘तो परभणीहून जिंतूरला गेला’ यात कसला आलाय अलंकार? उलट आपेगावच्या माउलींनी मराठी बोलाबद्दल ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, ‘परि अमृतातेंही पैजां जिंके’. ‘हून’ कुठंच नाही आणि व्यतिरेक मात्र शंभर टक्के. पैज जिंकणं म्हणजे शीगच की! नरसीचे नामदेव काय, आपेगावचे माउली काय, आपल्या मातीतल्या दोघांनी अमृतालाच खाली बसवलं.

जिचं वर्णन करायचं ती गोष्ट म्हणजे उपमेय (इथं नाम), जिच्याशी तुलना करायची ती उपमान (इथं अमृत). ‘साहित्यदर्पण’ हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणारा विश्वनाथ सांगतो की उपमेय कमी पडलं तरी व्यतिरेकच. हे मला मुळीच मान्य नाही. कमी पडण्याला अतिरेक कोण म्हणेल? त्याच्या आधीच ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात मम्मटानं हा वाद निकालात काढला होता. त्याच्याही आधीचा काव्यशास्त्रकार रुद्रट, त्याचं उदाहरण असं: चंद्र झिजला तरी पुन्हा वाढतो, गेलेलं तारुण्य मात्र परतत नाही. रुद्रटाच्या मते इथं उपमान असलेला चंद्र वरचढ. मम्मट म्हणतो, कवीला सांगायचंय ते तारुण्याचं न टिकणं, आणि ते चंद्राच्या झिजण्याहून जास्त आहे. म्हणजे इथंही शीग उपमेयाचीच.