ज्याला माझं नावही माहीत नाही तो काय करणार?

प्रश्न : ताई, माझी जिवाभावाची मैत्रीण दोन महिने झाले रात्री दोन-अडीचला मेसेज करते, जगावंसंच वाटत नाही म्हणते. मी घाबरून जाते आणि जमेल तसं बोलत बसते. परवा तिला हेल्पलाइनचा नंबर पाठवला तर म्हणाली, ज्याला माझं नावही माहीत नाही तो काय करणार, आणि पोलीस दारात आले तर? मला काही उत्तरच देता आलं नाही. खरंच उपयोग होतो का? आणि नंबर पाठवून मी तिला दूर लोटलं का?

उत्तर : दूर नाही लोटलंस गं. फक्त नुसता नंबर आला की समोरच्याला कधीकधी असं वाटतं की आता हिलाही माझा कंटाळा आला. त्यावर उपाय आहे, पण आधी तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न घेते कारण तो अगदी रास्त आहे.

मी काही वर्षं एका हेल्पलाइनवर रात्रपाळी केलीय, आणि माझा अनुभव असा की नाव माहीत नसतं हीच तिथली सोय असते. तू घाबरतेस हे तिला कळतं ना, म्हणून ती तुला अर्धंच सांगत असणार, आईला तर त्याहून कमी, कारण आई रडेल. फोनवरच्या माणसाला सांभाळून घ्यावं लागत नाही, उद्या तो समोर येणार नसतो, त्यामुळे आत साचलेलं सगळं एकदाचं बाहेर पडतं. १९५३ मध्ये लंडनला चॅड वाराह नावाच्या पाद्रींनी अशी सेवा सुरू केली, तेव्हा लोक त्यांना भेटायला यायचे आणि बाहेर थांबलेल्यांना सोबत म्हणून साधे स्वयंसेवक बसायचे, गप्पा मारायचे. झालं असं की बरेच जण त्या गप्पांनीच हलके होऊन वाराहना न भेटताच घरी जायला लागले! त्यातूनच समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली.

आता फोनवर नेमकं काय होतं ते सांगते. फोन घेणारा सल्ले देत सुटत नाही, "असा विचार करू नकोस" तर अजिबात म्हणत नाही. तो सरळ विचारतो, आत्महत्येचे विचार येतायत का? विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल असं आपल्याला वाटतं, पण अभ्यासात तसं आढळलेलं नाही, आणि मी तर कितीदा ऐकलंय, या प्रश्नानंतर पलीकडे आधी शांतता, मग एक लांब श्वास, आणि मग माणूस खरं बोलायला लागतो. पुढे विचारतात की काही ठरवलंयस का, जिवाला घातक असं जवळ काही आहे का, ते आत्ता दुसऱ्या कुणाकडे देता येईल का, घरात कोण आहे, सकाळपर्यंत काय करायचं. एवढंच बघायचं, सकाळपर्यंतचं. कारण मरून जावंसं वाटण्याची ती जी तीव्र कळ असते ना ती बहुतेकदा कायम तेवढीच राहत नाही, चढते आणि ओसरते, आणि तेवढा वेळ कुणीतरी सोबत हवं असतं. २००७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आत्महत्येचे विचार असलेल्या १,०८५ जणांची फोनच्या सुरुवातीची आणि शेवटची अवस्था पाहिली होती, तर तेवढ्या बोलण्यातच मरण्याचा इरादा, निराशा आणि मनातली वेदना कमी झालेली दिसली.

पण हे उपचार नाहीत हं. दोन महिने असं चाललंय म्हणजे डॉक्टर किंवा समुपदेशक लागणारच, आणि कुठे जायचं हेही हेल्पलाइनवाले सांगतात. कधी लाइन बिझी लागते, कधी फोन घेणाऱ्याशी सूर जुळत नाही, तेव्हा वाईट वाटतं, पण थोड्या वेळाने परत लावायचा.

पोलिसांचं म्हणशील तर बहुतेक फोन बोलूनच संपतात. जिवाला आत्ता या क्षणी धोका आहे असं दिसलं तर काही सेवा मदत पाठवतात, म्हणून फोन लागल्यावर पहिल्यांदा तेच विचारून घ्यायचं, राग नाही येत कुणाला. आपल्याकडे टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिथे तू स्वतःसाठीही फोन कर, रात्री-रात्री एकटीने हे पेलतेयस. आणि कधी ती म्हणाली की आत्ताच काही करणार आहे, तर मेसेजवर समजावत बसू नकोस, तिला एकटी सोडायचं नाही, घरच्यांना उठवायचं आणि ११२ लावायचा.

आता तो उपाय. नंबर परत पाठवू नकोस, आज दिवसाउजेडी तिच्याकडे जा. म्हण, मी कुठे जात नाहीये, आपण दोघी मिळून लावू. नंबर तू फिरव, पहिलं वाक्य हवं तर तूच बोल, आणि मग फोन तिच्या हातात देऊन बाजूच्या खोलीत जाऊन बस, म्हणजे तुझ्यासमोर जे बोलता येत नाही तेही तिला बोलता येईल.