सोनोग्राफी नॉर्मल होती, मग हे कसं?

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, आमच्याकडे मिरजेत झालं. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी नातीचे डोळे, तळहात पाहिले आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला : डाऊन सिंड्रोम. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी नॉर्मल होती. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं का? सासरचे म्हणतात, ग्रहणात बाहेर पडली म्हणून.
– एक आजी

उत्तर : आजी, ग्रहणाचं आधी मिटवू. नातीच्या पेशींत २१ नंबरची गुणसूत्रं दोनऐवजी तीन आहेत. ही गडबड बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेली असते, पाळी चुकण्याच्याही आधी. नंतर मुलीने काय खाल्लं, कुठे गेली, याचा काडीचाही संबंध नाही. व्याह्यांना हे पान वाचायला द्या.

सोनोग्राफीत अवयव दिसतात, गुणसूत्रं दिसत नाहीत. हृदयात मोठं भोक किंवा मानेमागे जाड कातडी दिसली तर शंका येते, पण डाऊनच्या बऱ्याच बाळांत पाचव्या महिन्यात काहीच दिसत नाही. मी विचारीन ते वेगळंच : ११ ते १३ आठवड्यांत एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी) सांगितलं होतं का? फाईल काढून बघा. सांगितलंच नसेल, तर तुमचा राग रास्त आहे. केलं असेल आणि ‘लो रिस्क’ आलं असेल, तरी डाऊनच्या दहातलं एखादं बाळ त्यातून निसटतं. ती नुसती चाळणी. पक्कं निदान गर्भजल किंवा वारेचा तुकडा तपासूनच होतं, आणि त्या सुईत गर्भपाताचा थोडा धोका असल्याने ती सरसकट कोणी करत नाही. ‘वय कमी आहे, कशाला तपासण्या?’ हे मात्र मला पटत नाही. पस्तिशीनंतर धोका वाढतो खरा, पण बाळंतिणी तरुणच जास्त, म्हणून डाऊनची पुष्कळ बाळं तरुण आयांच्याच पोटी येतात.

पण हा हिशेब नंतर. नातीचं टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालं का? अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, आणि स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही तरी तो असू शकतो. भोक मोठं असेल तर ऑपरेशन सहसा पहिल्या सहा महिन्यांत करावं लागतं. उशीर झाला की फुप्फुसातला दाब चढून बसतो. थायरॉईड आता, सहाव्या महिन्यात आणि वर्षाची झाल्यावर. कानही तपासून घ्या. दूध ओढताना दमत असेल तर हनुवटीला बोटाचा आधार द्या, थोडं थोडं पाजा. लसी नेहमीच्याच. जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ची, म्हणजे अशा बाळांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या सरकारी केंद्राची, चौकशी करा, तिथले व्यायाम आणि थेरपी मोफत असतात.

पुढच्या खेपेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण जावई विचारतीलच. रिपोर्टवर ‘४७, एक्सएक्स, +२१’ असेल तर तो नेहमीचा प्रकार. पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक एवढीच, आईबापांचं रक्त तपासायला नको. ‘४६’ लिहून पुढे ‘डीईआर’ किंवा ‘आरओबी’ अशी अक्षरं असतील, म्हणजे जादा २१ नंबर दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असेल, तर मात्र आईबाप दोघांचंही कॅरिओटाइप (रक्तातून गुणसूत्रांची तपासणी) करा. आईत तो दोष लपलेला निघाला तर शक्यता दहात एकाच्याही वर जाते, आणि मग पुढच्या वेळी अकराव्या आठवड्यापासूनच वारेची तपासणी ठरवता येते.