वाचकांचे प्रश्न: सही करायच्या आधी थोडं थांबा

मागच्या अंकात औषधांच्या चाचण्यांबद्दल, म्हणजे नवीन औषध माणसांना देऊन बघतात त्याबद्दल, दोनच परिच्छेद लिहिले होते, पण त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (सोलापूर): ताई, माझी आई 68 वर्षांची आहे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, अजून दोन घरची धुणीभांडी करते. जिथे तिची ट्रीटमेंट चालू आहे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की नवीन औषधाची स्टडी आहे, औषध फुकट, तपासण्या फुकट, जाण्यायेण्याचे पैसे पण मिळतील. फॉर्म 18 पानांचा आहे आणि उद्याच सही हवीये. भाऊ म्हणतो आपल्याला गिनिपिग बनवतायत, आई म्हणते डॉक्टर देवमाणूस आहेत, मी मधल्या मध्ये. काय करू?

उत्तर: दादा, सगळ्यात आधी, उद्याच सही हवी असं कुणी म्हणत असेल तर उद्या सही करू नका. फॉर्म घरी आणा, रात्री बसून वाचा, एखाद्या ओळखीच्या नर्सला नाहीतर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तसा वेळ मागायचा आईला पूर्ण हक्क आहे आणि चांगले डॉक्टर तो देतात. चाचणी म्हणजे वाईटच असं मी अजिबात म्हणत नाही. आई आज ज्या शुगरच्या गोळ्या घेते त्यासुद्धा आधी कुणीतरी अशाच चाचणीत घेऊन बघितल्यात म्हणून तिच्यापर्यंत आल्या.

मी गेली नऊ वर्षं एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे चाचणीत माणसांवर अन्याय होत नाही ना हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर आहे, डॉक्टर म्हणून नाही, नियमाप्रमाणे एक साधा माणूस कमिटीवर घ्यावाच लागतो त्या जागेवर. पहिल्या वर्षी मी एकदा संमती घेताना बघायला बसले होते. बीडकडची ऊसतोडीला जाणारी एक बाई होती, फॉर्म मराठीतच होता, कोऑर्डिनेटर मुलीने तो घडाघडा वाचून दाखवला, बाईंनी अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली. मी विचारलं, मावशी काय समजलं? त्या म्हणाल्या, साहेब सांगतायत म्हणजे चांगलंच असंल की. फॉर्ममध्ये 'यादृच्छिक पद्धतीने विभागणी' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ एवढाच की चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार, काहींना खरं औषध आणि काहींना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली गोळी. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी ते तसंच सांगितल्यावर त्या सरळ म्हणाल्या, मग मला न्हाई जमायचं, मला खरंच औषध पायजे. म्हणजे बाई अडाणी नव्हत्या, त्यांच्या भाषेत विचारलं की त्यांना सगळं कळत होतं. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक फॉर्ममध्ये मी 'चिठ्ठी टाकल्यासारखं' हे शब्द घालायला लावते, कितीही वाद झाला तरी.

तुमच्या आईचं पण हेच आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ज्यांना जास्त जपायचं अशा लोकांची यादी आहे, त्यात गरीब, आदिवासी, लहान मुलं, मानसिक आजार असलेले लोक तर आहेतच, पण विद्यार्थी, नोकरदार, कैदी आणि सैन्यातले जवानसुद्धा आहेत. जवान काही अशक्त नसतो, पण वरच्याने सांगितल्यावर त्याला नाही म्हणणं अवघड जातं. आईला ज्या डॉक्टरकडे पुढच्या महिन्यात परत शुगर दाखवायला जायचंय, त्याच डॉक्टरला तोंडावर नाही म्हणायचंय, अडचण ही आहे. म्हणून डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारा की नाही म्हटलं तर नेहमीची ट्रीटमेंट तशीच चालू राहील ना? उत्तर हो हेच यायला पाहिजे, नियमच तसा आहे, आणि आज हो म्हणून मध्येच बाहेर पडली तरी तिची ट्रीटमेंट कुणी थांबवू शकत नाही.

अजून काही गोष्टी बघून घ्या. आईला वाचता येत नसेल तर संमतीच्या वेळी त्या स्टडीशी संबंध नसलेला एक साक्षीदार पाहिजेच. औषधाचा रेणूच नवीन असेल आणि आई या जास्त जपायच्या गटात धरली जात असेल तर औषध चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांप्रमाणे संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग ठेवावं लागतं, कॅमेरा दिसला तर घाबरू नका, तो तिच्याच बाजूचा पुरावा आहे. फॉर्मवर तिचा व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारतात, लोकांना ते विचित्र वाटतं, पण नुकसानभरपाईची वेळ आली तर त्याचाच उपयोग होतो.

भरपाईबद्दल मला एक खटकतं ते इथेच सांगते. चाचणीमुळे मृत्यू झाला तर रक्कम एका सूत्राने काढतात, त्यात वय आणि आधीचा आजार दोन्ही धरतात. 65 च्या पुढचा आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेला पेशंट असेल तर साधारण 4 लाख, आणि 16 वर्षांच्या आतलं निरोगी मूल असेल तर 73 लाखांच्या वर. हिशोब करणाऱ्यांचा तर्क मला समजतो, पण म्हातारं आणि आजारी माणूस स्वस्त पडतं हे काही माझ्या मनाला पटत नाही आणि मी कमिटीत ते बोलून पण दाखवलंय. तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं हे की चाचणीत काही त्रास झाला तर त्याचे उपचार फुकट मिळाले पाहिजेत, तशी ओळ फॉर्ममध्ये आहे का ती शोधा. नसेल तर सही नको.

प्रश्न (नंदुरबार): मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या इथल्या एका आश्रमशाळेत मुलींचं रक्त घ्यायला कुठलीतरी टीम आली होती, संशोधन आहे म्हणाले. आईबाप सगळे ऊसतोडीला गेलेले, मग फॉर्मवर अधीक्षकांनी सह्या केल्या. हे चालतं का?

उत्तर: नाही चालत ताई. अधीक्षक मुलींची काळजी घेतात म्हणून आपोआप त्यांचे कायदेशीर पालक होत नाहीत.

हे आधी पण झालंय. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात 10 ते 14 वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस देऊन बघण्याचा प्रकल्प सुरू झाला, गुजरातमध्ये वडोदऱ्याला पण तसाच. खम्ममच्या पुष्कळ मुली आदिवासी होत्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. काही मुलींचे मृत्यू झाले, आरडाओरडा झाला आणि 2010 च्या एप्रिलमध्ये काम थांबवलं. चौकशीत मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण ती लस चांगली आहे आणि तुमच्या भागात कुणी तिला घाबरावं असं मला अजिबात वाटत नाही. पण आंध्रातले 9,543 फॉर्म बघितले तेव्हा त्यातल्या 2,763 वर हॉस्टेलच्या वॉर्डननी सह्या केलेल्या निघाल्या. संसदेच्या समितीनेही 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. एवढी उपयोगी लस, पण आईबापांना न विचारता दिली म्हणून तिच्यावरचा विश्वास गेला आणि तो परत मिळवायला किती वर्षं गेली ते तुम्ही फिल्डवर बघताच.

तर तुम्ही टीमकडे एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र मागा. आईबापांची संमती लागतेच, आणि त्याशिवाय 7 वर्षांपुढच्या मुलीला स्वतःला पण विचारावं लागतं, 12 पर्यंत तोंडी आणि पुढे लेखी. मुलगी नको म्हणाली तर तिचं ऐकायचं. आणि ऊसतोडीला गेलेले लोक काही कायमचे जात नाहीत, एप्रिल-मेपर्यंत परत येतात, संशोधन तेवढं थांबू शकतं.

प्रश्न (पुणे): मी पाच महिन्यांची गरोदर आहे. कुठलीही गोळी विचारली की डॉक्टर म्हणतात गरोदरपणात याचा अभ्यास झालेला नाही. का नाही होत?

उत्तर: तुझा राग मला कळतो गं. 1957 ला जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली, गरोदर बायकांना उलट्यांसाठी देत होते, 1961 ला बंद होईपर्यंत 10 हजारांवर बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. गर्भावर काय परिणाम होतो हे नीट न तपासता विकलं हा त्यात खरा गुन्हा होता, पण पुढे शिकवण भलतीच घेतली गेली, की बायकांना चाचणीतच घ्यायला नको. अमेरिकेत 1977 पासून मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांमधून बाहेरच ठेवलं, ते बदलायला 1993 उजाडलं. जपण्याच्या नावाखाली असं दाराबाहेर ठेवणं मला बरोबर वाटत नाही. गरोदर बाईला ताप, बीपी, फिट्स सगळं होतं, ती गोळी घेतेच, फक्त तिचं पुढे काय झालं हे कुणी लिहून ठेवत नाही.

कोविडमध्ये आपण हे बघितलं. लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं आणि गरोदर बायकांना परवानगी मिळाली 2 जुलैला, मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. तू आत्ता जी औषधं घेतेस ती एका वहीत तारखेसकट लिही, आणि कुठल्या औषधाचा त्रास झाला तर डॉक्टरांना सांग किंवा 1800-180-3024 या सरकारी फुकट नंबरवर स्वतः कळव. स्वतःहून चालू गोळी मात्र बंद करू नकोस.

प्रश्न (वणी, यवतमाळ): कपाशीच्या औषधाच्या डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळलं तर धोका नाही म्हणतात. मग 2017 ला फवारणी करताना आमच्याकडे एवढी माणसं कशी गेली?

उत्तर: भाऊ, हे आजारावरचं औषध नाही, कीटकनाशक आहे, पण मुद्दा तोच. तो 'धोका नाही'चा हिशोब कुणाला धरून केलाय ते बघायला लागतं. अन्नात कीटकनाशकाचा किती अंश चालेल हे ठरवताना जनावरांना ज्या डोसने काही झालं नाही तो घेतात, त्याला 10 ने भागतात कारण माणूस वेगळा, परत 10 ने भागतात कारण सगळी माणसं सारखी नसतात. लहान मुलांसाठी अमेरिकेने 1996 च्या कायद्यात अजून एकदा 10 ने भागायला लावलं, कारण मूल वजनाच्या मानाने जास्त खातं, जास्त श्वास घेतं, जमिनीवर रांगून हात तोंडात घालतं.

फवारणाऱ्याचा हिशोब मात्र हातमोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे असं सगळं धरून केलेला असतो. तुमच्या उन्हात प्लास्टिकचा सूट घालून कोण दिवसभर फवारणार आहे? त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेलेली, चायनीज पंपाचा बारीक फवारा तोंडावर येत होता आणि मजूर दिवसाच्या हिशोबावर एकामागून एक शेत फवारत होता. यवतमाळ जिल्ह्यात 20 पेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, आणि वर ऐकवलं काय तर त्यांनी किट घातलं नव्हतं. जो माणूस किट विकत घेऊच शकत नाही त्याला हिशोबात धरलंच नाही, मग तो हिशोब चुकला, माणूस नाही.

आता तुमच्यापुरतं सांगते, लाल त्रिकोण असलेला, म्हणजे सगळ्यात विषारी औषधाचा डबा शक्यतो घेऊच नका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, आणि पोरांना त्या दिवशी शेतात नेऊ नका. डोळ्यापुढे अंधारी आली, मळमळलं, लाळ सुटली की लगेच दवाखाना, आणि जाताना रिकामा डबा सोबत न्या. नुसतं औषधाने चक्कर आली असं सांगितलं तर डॉक्टरला विष कुठलं ते कळत नाही, डब्यावर कळतं.

प्रश्न (पनवेल): सही केली पण फॉर्मची कॉपी दिली नाही. मागितली तर डॉक्टर रागावतील का?

उत्तर: रागावले तरी मागा, ती तुमचीच आहे आणि नियमाने द्यावीच लागते. नाहीच दिली तर एथिक्स कमिटीला फोन करा, नंबर फॉर्मवर छापलेला असतो. फॉर्मच हातात नसेल तर हॉस्पिटलच्या ऑफिसला कमिटीचा नंबर विचारा. आमच्याकडे असे फोन येतात तेव्हा आम्ही त्याच आठवड्यात बोलावून विचारतो.