तिचा निबंध तुम्ही वाचलात का?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. मानवाधिकार आणि परराष्ट्र धोरण यात काम करायचं म्हणते. आम्ही घरात ठरवलंय की तिने यूपीएससी देऊन आयएफएस (भारतीय परराष्ट्र सेवेतली अधिकारी) व्हावं. म्हणजे तिची आवडही राहील, जगात भारताचा आवाज उठवेल आणि नोकरीही पक्की. पुण्याच्या क्लासची फी भरली आहे, जूनपासून बॅच आहे. पण ती जायला तयार नाही. अभ्यास सोडून काहीबाही लिहीत बसते, नमुना सोबत जोडला आहे. पुढे पोलीस पडताळणीत अडचण नको म्हणून तिचं फेसबुक अकाउंटही मी बंद करायला लावलं. तिची समजूत घालावी. – एक पालक

उत्तर : समजूत घालायचीच तर आधी तुमची घालावी लागेल, आणि ती मी मनापासून घालणार आहे.

तुमच्या पत्रात मुलगी दोनदाच बोलते: काय करायचंय ते, आणि ‘जाणार नाही’ एवढंच. बाकी सगळं तुम्ही ठरवलंत: परीक्षा, शहर, बॅच, तिने काय लिहायचं आणि काय नाही. फी भरण्याआधी तिला विचारलं होतंत का? काळजीपोटी केलंत हे मला दिसतं. पण अकाउंट बंद करायला लावलंत ते मला सगळ्यात जास्त खटकलं. पडताळणीत मुख्यतः गुन्हे, खटले आणि उमेदवाराने दिलेली माहिती खरी आहे का हे बघतात. शेजारी देशाबद्दल अभ्यासपूर्वक मत मांडणं हा गुन्हा नव्हे. ज्या मुलीला उद्या मानवाधिकारांवर काम करायचंय, तिला घरातूनच ‘तोंड बंद ठेव’ हा पहिला धडा मिळाला.

आता तुम्ही जोडलेला तो ‘नमुना’. तो चार पानी निबंध आहे. श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीस तमिळ नागरिकांवर जे अत्याचार झाले, त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवाधिकार परिषदेत ठराव आले. २०१२ आणि २०१३ मध्ये भारताने श्रीलंकेविरुद्ध मत दिलं. २०१४ मध्ये भारत तटस्थ राहिला, २०२१ मध्येही तटस्थच. हे सगळं तिने तारीखवार मांडलंय. दिल्लीतल्या आघाडी सरकारवर तामिळनाडूतल्या द्रमुक पक्षाचा किती दबाव होता आणि मार्च २०१३ मध्ये द्रमुक याच मुद्द्यावर कसा बाहेर पडला, तेही तिने सोडलेलं नाही. तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने तिने स्वतःलाच विचारलंय, ‘मत द्यायचंच नव्हतं, तर एवढं लांब निवेदन कशासाठी वाचलं?’ या एका प्रश्नासाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन. २०२१ च्या त्या निवेदनात भारताने तमिळांची समानता, न्याय आणि सन्मान यांची बाजू घेतली, श्रीलंकेच्याच १३ व्या घटनादुरुस्तीची (प्रांतांना अधिकार देणाऱ्या) आठवण करून दिली आणि त्याच दमात श्रीलंकेच्या एकतेलाही पाठिंबा दिला. जिनिव्हातल्या या मतदानाच्या दिवशी तामिळनाडूची निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती, आणि चीन कोलंबोत पाय रोवून बसला होता. सरकारं मानवाधिकारांबद्दल एकमेकांशी बोलतात ती अशी, एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने ढकलून.

आता गैरसमजाचं बोलू, कारण तुमचा सगळा बेत त्यावरच उभा आहे. आयएफएस अधिकारी जगात ‘आवाज उठवतो’ असं तुम्हाला वाटतं. तो स्वतःचा आवाज नसतो. मत कुठे टाकायचं हे सरकार ठरवतं, सूचना दिल्लीहून येते. स्वतःला पटो न पटो, अधिकारी ती भूमिका शक्य तितक्या नेटकेपणाने मांडतो. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला सेवानियमांत जागा नाही. याचा अर्थ तिथे करण्यासारखं काही नसतं असा मुळीच नाही. २०१२ च्या ठरावात मानवाधिकार कार्यालयाची मदत श्रीलंकेच्या संमतीनेच दिली जाईल अशी तरतूद भारताच्या आग्रहावरून आली. त्या ओळीने ठराव बोथट झाला की मत देण्याजोगा झाला, यावर आजही वाद घालता येईल. मसुद्यातल्या एकेका ओळीसाठी झगडणं हे मोलाचं काम आहे. ज्याला नावाशिवाय, टाळ्यांशिवाय, कधी मनाविरुद्धही ते करवतं, त्याने आयएफएसमध्ये जरूर जावं. तुमची मुलगी तशी आहे का, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तिलाच विचारावं लागेल.

शिवाय सरकारांचं हे काम फक्त राजदूत करत नाहीत. श्रीलंकेचंच बघा. युरोपीय संघाने मानवाधिकारांच्या कारणावरून २०१० मध्ये तिची व्यापारातली जादा सवलत काढून घेतली आणि २०१७ मध्ये परत दिली. ही सवलत हवी असेल तर २७ आंतरराष्ट्रीय करार पाळावे लागतात आणि त्यावर देखरेख असते. कोलंबोच्या कपडे कारखानदारांना सवलत जाणं जेवढं झोंबलं, तेवढं कुठलंही भाषण झोंबलं नसेल. ही देखरेख करायला व्यापार कायदा समजणारी माणसं लागतात, आकडे वाचणारी लागतात, कारखान्यात जाऊन कामगारांशी बोलणारी लागतात. दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाच्या मानवाधिकार परिस्थितीचा जिनिव्हात आढावा होतो, त्यासाठी संस्था स्वतंत्र अहवाल पाठवतात. ते लिहिणाऱ्यांत वकील भरपूर असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: तिने पदवीनंतर एमएच-सीईटी लॉ देऊन तीन वर्षांचं एलएलबी करावं, पुढे आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम. आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए हाही चांगला रस्ता आहे. सोबत फ्रेंच आत्तापासून. यूपीएससी वयाच्या ३२ पर्यंत खुली आहे, सर्वसाधारण गटालासुद्धा. वकील होऊनही देता येते. पहिल्या दिवसापासून पगार भरघोस नसेल, हे तुम्ही दोघांनीही आधीच धरून चाला.

क्लासला आजच लेखी अर्ज द्या, फी परत मागा. नाही म्हणाले तर बॅच पुढे ढकलून मागा. अकाउंट चालू करायचं की नाही ते तिच्यावर सोडा. आणि निबंध तिला परत द्या, माझा एक निरोप देऊन: मे २००९ मधलं मानवाधिकार परिषदेचं विशेष अधिवेशन त्यात राहिलंय. युद्ध संपून जेमतेम आठवडा झाला होता आणि भारताने तेव्हा श्रीलंकेने स्वतःच मांडलेल्या ठरावाला पाठिंबा दिला होता. तिथून २०१२ पर्यंत काय बदललं, ते तिने शोधावं आणि पाचवं पान थेट मला पाठवावं.