जुनी डिझेल पिकअप घेतलीये, उंच करून मोठे टायर टाकायचेत, तर आधी काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी वीस वर्षांची आहे, चालते, थोडा धूर काढते, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते, आणि तिला दोन इंच लिफ्ट, मोठे टायर, पुढे एलईडी बार आणि जमलं तर टर्बो असं सगळं करायचंय, शिवाय हौद्यात वजनही न्यायचंय. यातलं "एका बाजूला ओढते" तुम्ही जाता जाता लिहिलंय, मी मात्र तिथेच थांबलो. कारण पुढची तुमची सगळी यादी ब्रेकवरच भार टाकणार आहे आणि ते ब्रेक आत्ताच धड नाहीत.

पण ब्रेकच्याही आधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. मी स्वतः जुनी पिकअप बाळगून आहे, बहुतेक काम हातानेच करतो, आणि कुणी जुनी गाडी दाखवली की मी बॉनेट उघडायच्या आधी खाली झोपतो. मागच्या ॲक्सलच्या वरचा भाग, पाट्यांचे (लोखंडी पानांच्या स्प्रिंगचे) हँगर जिथे चेसिसला बसतात ती जागा, हौद्याचे माउंटिंग, आणि चेसिस बंद चौकोनी असेल तर तिच्या आतली बाजू, चिखल साचतो तो इथेच. छोटा हातोडा घेऊन ठोकत जा, चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं भद्द वाजतं. शंका आली तर जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा, आत गेला तर तिथे रंग लावून भागणार नाही. वरून नुसती तांबूस पापडी असेल तर घासून, रस्ट कन्व्हर्टर आणि प्रायमर मारून, पोकळ भागात मेणाचा स्प्रे सोडून काम होतं.

भोक असेल तर वेल्डिंग, आणि ते जाणत्या माणसाकडूनच. प्लेटची टोकं तिरकी कापलेली हवीत, चेसिसला सरळ आडवी वेल्ड मारली की नेमकी तिच्या कडेलाच पुढे चीर पडते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, डायनामो आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) प्लग सोडवा, डिझेलची टाकी आणि ब्रेक पाइप त्या जागेपासून लांब करा. आणि खाली काम करताना गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, खाली स्टँड लावूनच.

चेसिस शाबूत निघाली तर मग ब्रेक. ओढण्याची कारणं ठराविक असतात. कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा त्याच्या पिना जाम झालेल्या, मागे ड्रममध्ये लाइनर दाबणारा व्हील सिलिंडर गळून लाइनर ओले झालेले, नाहीतर रबरी होज आतून फुगलेला. हा होज बाहेरून एकदम ठणठणीत दिसतो, पण आत फुगला की पेडल दाबल्यावर प्रेशर जातं आणि पाय काढल्यावर परत येत नाही, मग ते चाक अर्धवट ब्रेक लागलेलंच फिरत राहतं. थोडं चालवून आल्यावर दोन्ही बाजूंची डिस्क किंवा ड्रम किती गरम आहेत ते बघा, इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हात जवळ नेऊनही कळतं, लावू मात्र नका. एक बाजू खूपच तापली असेल तर बहुतेक तिथे काहीतरी धरून बसलंय. दोन्हीकडे सारखंच असेल आणि तरी ओढत असेल तर पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघा, ते खलास झाले की ब्रेक मारताना चाकच मागे सरकतं.

ब्रेक ऑइल कधी बदललंय माहीत नसेल तर बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी शिरलं की हाच आकडा १५५ च्या आसपास येतो, आणि उतारावर वजन घेऊन जाताना नेमका हाच फरक पायाला कळतो. डॉट ३ किंवा ४ च्या सिस्टीममध्ये डॉट ५ ओतू नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही.

आता जे लिफ्ट करणारे बहुतेक जण बघतच नाहीत ते सांगतो. बऱ्याच पिकअपला मागे चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याची एक दांडी किंवा स्प्रिंग मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. हौदा भरला, गाडी बसली, की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. हौदा रिकामा असला की प्रेशर कमी, म्हणजे हलकी झालेली मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. आता तुम्ही मागे दोन इंच उचलली आणि दांडी तशीच ठेवली, तर व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायमच रिकामा. तुम्ही वजन भरलंय, गाडी थोडी बसलीये, पण त्याच्या हिशोबाने अजून रिकामीच, मागचे ब्रेक अर्धेच काम करतात आणि सगळं पुढच्या पॅडवर येतं. याच्या उलट, जुने पाटे बसलेले असतील तर व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीलाच भरलेली समजतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होतात. म्हणून उंची बदलली की दांडीचं ब्रॅकेट तेवढंच सरकवायचं किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने पुन्हा सेट करायचं. नुसते नवे पाटे टाकले तरी हे करायचंच. आणि मागच्या ॲक्सलला जाणारा ब्रेकचा रबरी होज ॲक्सल पूर्ण खाली लटकल्यावर ताणला जात नाही ना हेही तेव्हाच बघा.

लिफ्टचं म्हणाल तर आधी पाटे सरळ झालेत का, एखादं पान तुटलंय का, बुश खाल्लेत का ते पाहा, कारण वीस वर्षांच्या गाडीत नवे पाटे आणि बुश टाकले की कंपनीची मूळ उंचीच परत मिळते आणि अर्ध्या लोकांची लिफ्टची हौस तिथेच भागते. तरी हवीच असेल तर मागे जादा पान टाकणं मला पटतं, एकावर एक ठोकळे रचणं अजिबात नाही, जोर दिला की ॲक्सल पिळला जातो आणि पाटे एस आकाराचे होतात. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) टाकून उचलणार असाल तर शॅकल दोन इंच लांब केली की उंची साधारण एकच इंच वाढते, वर डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) तोंडाचा कोन बदलतो आणि प्रॉपलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आवाज करायला लागतात. यू-बोल्ट (ॲक्सलला पाटे आवळून धरणारे) जुने परत वापरू नका, नवेच घ्या, आणि थोडं चालवून झालं की पुन्हा टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असेल तर बरेच जण बोल्ट पिळून गाडी वर घेतात, फुकटात लिफ्ट. बार पिळल्याने कडक होत नाही हो, फक्त उंची बदलते. पण चाक खाली जायला जी जागा असते ती संपते, म्हणून खड्ड्यात चाक सुटलं की वरचा आर्म स्टॉपरवर धाडकन आपटतो, बॉल जॉइंट तिरक्या कोनात काम करतात, अलाइनमेंट बोंबलते. थोडंसं, मागच्याशी लेव्हल करण्यापुरतं ठीक, आणि नंतर अलाइनमेंट करायलाच हवी.

आणि एक, जादा पान टाकलं म्हणून गाडी जास्त वजन न्यायला लागली असं होत नाही. ती बसत नाही एवढंच. ॲक्सलचे बेअरिंग, ब्रेक, चेसिस, टायर सगळं तेच आहे, कागदावरची क्षमता तीच राहते.

टायरचा हिशोब स्वतः करून बघा. समजा आत्ता २२५/७५ आर १६ आहेत, त्यांचा व्यास ७४४ मिमीच्या जवळ. २६५/७५ आर १६ घेतले तर ८०४. म्हणजे ८ टक्के मोठे. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८६ ने चाललेले असाल, आणि डिफरन्शियलचा रेशो ४.१० असेल तर तो ३.८० असल्यासारखा वागेल, म्हणजे चढाला एक गिअर आधीच खाली घ्यावा लागणार, क्लचला त्रास, ब्रेकला त्रास. एक साइज मोठा घ्या, टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबलेलं असताना घासतोय का ते बघून मगच पैसे द्या. स्टेपनीही त्याच मापाची लागेल, हे विसरतात लोक.

एलईडी बारच्या आधी आहेत त्या हेडलाइट बघा. जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज पडतो, आणि हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाला की उजेड साधारण ३० टक्के कमी होतो. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावून बॅटरीतून थेट जाड वायर आणली आणि इंजिन-चेसिसचं अर्थिंग घासून साफ केलं की जुन्याच बल्बचा उजेड बघून चकित व्हाल. वायर कुठलीही टाका, फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, बारच्या जवळ नाही, नाहीतर मधे वायर घासली तर आग लागेपर्यंत कळत नाही.

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) सध्या विसरा. धूर कुठल्या रंगाचा ते तुम्ही लिहिलं नाही. काळा असेल तर एअर फिल्टर, डिझेलचे नोझल आणि पंप बघायचे, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल आणि सकाळीच येत असेल तर बहुतेक हीटर प्लग, पण कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा, ते नुसतं थरथरलं तर ठीक, उडून पडत असेल तर बहुतेक पिस्टनच्या रिंग गेल्यात. मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधलं प्रेशर मोजायची) करा, सगळ्या सिलिंडरचे आकडे मॅन्युअलच्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ हवेत. जे इंजिन टर्बोशिवाय बनवलंय त्यात पिस्टनला खालून ऑइल मारणारे जेट असतीलच असं नाही, जादा हवा आणि जादा डिझेल दिलं की उष्णता तिथेच साठते, त्यात रेडिएटर अर्धा चोंदलेला असला तर विषयच संपला. शिवाय इंजिन किंवा उंची बदलली तर नोंदणीच्या कागदांवर आणि इन्शुरन्सवर काय परिणाम होतो ते तुमच्याकडच्या नियमांत बघून घ्या.

धुराचा रंग, पुढे टॉर्शन बार आहे की पाटे, आणि मागे तो व्हॉल्व्ह आहे का, एवढं कळवा, चेसिसचे खालून काढलेले फोटोही टाका, मग कुठले पार्ट मागवायचे ते नीट सांगता येईल.